कृतिदेवमधून युनिकोडकडे : इंदूरच्या एका मराठी वाचनालयाची सूची

काम असे: इंदुरातल्या एका जुन्या मराठी वाचनालयाची ग्रंथसूची, अठरा हजारांच्या आसपास नोंदी, सगळ्या कृतिदेव ०१० फाँटमध्ये टंकलेल्या. त्या युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा कोड देणाऱ्या जागतिक पद्धतीत आणायच्या, शोध चालला पाहिजे, क्रम मराठी वर्णमालेचा हवा आणि पडद्यापासून पुस्तकाच्या पाठीवरच्या लेबलापर्यंत मराठी नीट दिसली पाहिजे. मध्य प्रदेशात रेमिंग्टन पद्धतीचे (जुन्या टंकयंत्राच्या कळांच्या मांडणीचे) टंकलेखन आणि कृतिदेव ही जोडी इतकी रुळलेली आहे की ग्वाल्हेर, उज्जैन, देवास, कुठल्याही मराठी संस्थेच्या संगणकात अशाच फायली निघतील. त्या उघडायला बसणाऱ्यांसाठी या नोंदी.

३ जून २०२४

फायली एक्सेलच्या, थोड्या वर्डच्या. रकाने: दाखल क्रमांक, शीर्षक, लेखक, प्रकाशक, वर्ष, वर्गांक. पहिले काम म्हणजे मूळ फायलींची प्रत काढून ती फक्त वाचण्यापुरती खुली ठेवणे. नव्या तक्त्यातही प्रत्येक नोंदीजवळ मूळ मजकूर जसाच्या तसा ठेवणारा वेगळा रकाना केला. पुढे नियम बदलले की रूपांतर पुन्हा मुळापासून चालवता येते, आधीच्या चुकीवर नवी चूक चढत नाही.

कृतिदेव म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या कोडवर मराठी आकार बसवलेला फाँट. फायलीत आहे इंग्रजी, दिसते देवनागरी. त्यामुळे कुठला मजकूर खरा इंग्रजी आणि कुठला मराठी, हे फक्त त्या खान्याला लावलेल्या फाँटच्या नावावरून कळते. या सूचीत इंग्रजी पुस्तकेही आहेत, त्याच रकान्यात, एरियलमध्ये. फायल साध्या मजकुरात काढली की फाँटचे नाव गळते आणि दोन्ही एकाच भाषेचे होऊन बसतात. म्हणून पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या ओपनपायएक्सेल या मॉड्यूलने एक्सेलची फायल थेट वाचली आणि प्रत्येक खान्याचा फाँट सोबत नोंदवला. एका खान्यात निम्मे शीर्षक मराठी, निम्मे इंग्रजी असेल तर रिच टेक्स्टचा (खान्यातल्या प्रत्येक तुकड्याचा फाँट वेगळा वाचण्याचा) पर्याय चालू करून वाचावे लागते. तो ओपनपायएक्सेलच्या ३.१ आवृत्तीपासून आहे.

६ जून

सीएसव्हीचा, म्हणजे रकाने स्वल्पविरामाने तोडणाऱ्या साध्या मजकुराच्या फायलीचा, नाद सोडा. कृतिदेवमध्ये स्वल्पविरामाच्या कोडवर ए बसला आहे, दुहेरी अवतरणावर अर्धा ष, अर्धविरामावर य, आणि उभ्या रेघेवर द्य. म्हणजे रकाने वेगळे करायला लोक जी जी चिन्हे वापरतात ती सगळी इथे अक्षरे आहेत. ‘एकनाथ’ आला की रकाना फुटतो, ‘षट्कोण’ने खाना सुरू झाला की अवतरण उघडते ते बंदच होत नाही आणि पुढच्या कितीतरी ओळी एका खान्यात शिरतात. मधली फायल जेसन या दुसऱ्या मजकूर-रचनेत ठेवली. टॅबनेही भागते.

प्रश्नचिन्हाचाही असाच घोटाळा. ते अर्ध्या घच्या जागी आहे. कोणी फायल भलत्या कोड पेजमध्ये (अक्षरांच्या मर्यादित जुन्या संचात) सेव्ह केली असेल तर न बसणाऱ्या अक्षरांचे प्रश्नचिन्ह होते आणि कृतिदेवमध्ये ते घ् दिसते. ‘ऊस’चा ‘घ्स’ झालेला असा सापडतो. अशी नोंद नियमाने दुरुस्त होत नाही, पुस्तक काढूनच पाहावे लागते.

१० जून

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आणि याबद्दल कुठे लिहिलेले सापडत नाही, म्हणून सविस्तर.

एक्सेल स्वतः मजकुरात हात घालतो. खान्याच्या सुरुवातीला एकेरी अवतरण टंकले तर तो ‘पुढचे मजकूर समजा’ असा इशारा मानून ते चिन्ह लपवतो. कृतिदेवमध्ये तेच चिन्ह अर्धा श आहे. म्हणून शने सुरू होणारी शीर्षके डोक्याविना बसली आहेत. ‘शारदा’ असेल तर मागे काना उरतो, शब्द कान्याने सुरू होत नाही, तेव्हा चूक लगेच पकडता येते. पण ‘श्लोक’चा ‘लोक’ होतो, ‘श्वास’चा ‘वास’. हे धडधाकट शब्द आहेत. कुठलाही तपास त्यांना अडवत नाही.

उपाय फायलीतच होता. एक्सेल ते चिन्ह मजकुरातून काढतो, पण खान्याच्या शैलीत ‘कोटप्रीफिक्स’ अशी खूण ठेवतो आणि ओपनपायएक्सेलला ती वाचता येते. खान्याचा फाँट कृतिदेव आणि ही खूण हजर, असे दोन्ही जुळले की सुरुवातीला अर्धा श परत लावला. दोन ठिकाणी सांभाळावे लागते. काही टंकलेखकांनी श गायब होतो हे पाहून चिन्ह दोनदा मारले आहे. तिथे खूणही असते आणि श सुद्धा, पुन्हा लावू नये. आणि दाखल क्रमांकाच्या रकान्यात आकड्याआधी हे चिन्ह मुद्दाम मारलेले असते, तिथे नियम लावूच नये. फायल एकदा सीएसव्ही होऊन परत एक्सेलमध्ये आली असेल तर खूण गेलेली असते, मग हा मार्ग बंद. मूळ फायली शोधा म्हणतो ते यासाठी.

बरोबरीचे चिन्ह म्हणजे त्र. ‘त्राटिका’ टंकायला घेतले की एक्सेल सूत्र समजून चूक दाखवतो. तिरकी रेघ म्हणजे अर्धा ध. खान्याच्या सुरुवातीला ती दाबली की कर्सर मेनूत जातो. टंकणाऱ्यांनी आधी स्पेस मारून तोडगा काढलेला दिसतो, म्हणून सुरुवातीच्या स्पेस सरसकट छाटल्या. त्या राहिल्या तर क्रम लावताना ध आणि त्रची पुस्तके यादीच्या डोक्यावर जाऊन बसतात.

ऑटोकरेक्टचे नुकसान वेगळे. शब्दाच्या सुरुवातीची दोन मोठी अक्षरे ‘सुधारण्याची’ सोय एक्सेलमध्ये मुळातच चालू असते. ‘स्थान’मध्ये अर्धा स आणि अर्धा थ ही दोन्ही मोठ्या अक्षरांवर आहेत. एक्सेल दुसरे लहान करतो आणि मोठ्या एफवरच्या अर्ध्या थच्या जागी लहान एफवरची वेलांटी येते. ‘स्थल’, ‘स्थानिक’, सगळ्यांची तीच गत. वेलांटीला लागून काना किंवा दुसरी मात्रा दिसली की ही शंका घ्या.

आणि एक्सेलचा ‘दुहेरी नोंदी काढा’ हा आदेश कृतिदेवच्या फायलीवर कधीही देऊ नका. तो लहान-मोठे अक्षर एकच धरतो. कृतिदेवमध्ये लहान जी म्हणजे ह, मोठा जी म्हणजे ळ. लहान एन म्हणजे द, मोठा एन म्हणजे छ. त्याच्या लेखी ‘मळा’ आणि ‘महा’ एक, ‘दल’ आणि ‘छल’ एक. या सूचीवर तो आदेश पूर्वी कधीतरी चालवलेला होता, त्यामुळे गळालेल्या नोंदी जाड दाखल वहीशी ताडून परत भरल्या.

१८ जून

रूपांतराचे कोष्टक, म्हणजे कृतिदेवच्या कुठल्या कोडचे युनिकोडमध्ये कुठले अक्षर याची यादी. हिंदीसाठी बनवलेले तयार कोष्टक पाया म्हणून घेतले. नियमांचा क्रम लांब ते आखूड असा हवा: आधी ओ, मग आ, मग अ. उलट केले तर ओचा आ आणि सुटी मात्रा होते.

कृतिदेवमध्ये वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकतात आणि रफार अक्षर पूर्ण झाल्यावर. युनिकोडमध्ये दोन्ही उच्चाराच्या क्रमाने लागतात. बरेच कन्व्हर्टर वेलांटी फक्त पुढच्या एका अक्षरापलीकडे नेतात, त्यातून ‘सि्थती’ निघते. ती पूर्ण जोडाक्षर ओलांडून गेली पाहिजे. रफार उलट दिशेने, मात्रा आणि अनुस्वारासकट मागचे पूर्ण जोडाक्षर ओलांडून. ‘वर्षांत’ आणि ‘मर्त्यांचा’ हे दोन शब्द नीट निघाले तर रफाराचा नियम बसला असे समजा.

रूपांतरानंतर प्रत्येक शब्द एका चाळणीतून जातो: शब्दाच्या सुरुवातीला मात्रा, मात्रेला लागून मात्रा, हलन्तानंतर मात्रा, स्वरानंतर वेलांटी, यातले काही दिसले तर नोंद हाताने तपासायच्या यादीत. साधी चाळणी आहे, पण कोष्टकातले बहुतेक दोष हिनेच दाखवले.

२४ जून

ऱ्य. मराठीसाठी तयार हिंदी कन्व्हर्टर इथे अपुरा पडतो, कारण हिंदीला या अक्षराची गरजच नाही.

फायलींत ‘दुसऱ्या’ रफार देऊन ‘दुसर्या’ असे लिहिलेले आहे, कुठे ‘दुसरया’ असेही. सगळे र्य बदलून ऱ्य करावेत असे वाटेल, पण तसे करता येत नाही. ‘सूर्य’, ‘कार्य’, ‘आर्य’ बिघडतील. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत गुरू आणि स्वयंपाकी एवढा फरक. म्हणून र्य असलेल्या सगळ्या वेगवेगळ्या शब्दांची यादी काढली आणि प्रत्येकापुढे हो की नाही हे माणसाने ठरवले. नोंदी हजारो असल्या तरी वेगळे शब्द काहीशेच भरतात, बसून उरकणारे काम आहे. ‘दर्या’सारख्या दुहेरी शब्दांसाठी पूर्ण शीर्षक पाहिले.

दुसरा प्रश्न युनिकोडमधलाच. ऱ्य दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एक, ऱ म्हणजे ०९३१, त्याला हलन्त ०९४डी, मग य. दुसरी जुनी तऱ्हा, साधा र ०९३०, हलन्त, त्यापुढे न दिसणारा जोडक २००डी, मग य. डोळ्यांना दोन्ही एकच, संगणकाला नाहीत. वाचकाने एका तऱ्हेने टंकले आणि सूचीत दुसरी असेल तर पुस्तक ‘नाही’ म्हणून दाखवले जाते. साठवायला पहिली तऱ्हा ठरवली आणि दुसरी आली की तिच्यात बदलायची. इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कळफलकावर शिफ्टसह जे दाबले की ऱ मिळतो, तेव्हा पुढच्या नोंदी करणाऱ्यांनाही सोयीचे. फक्त जोडक पुसून टाकण्याची घाई करू नये. तो काढला की उरते ते रफाराचे र्य, म्हणजे पुन्हा ‘दुसर्या’.

एनएफसी रूपात आणणे, म्हणजे एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या कोड-जुळण्या युनिकोडने ठरवलेल्या एका रूपात आणणे, सगळ्या मजकुराला लावले. त्याने र आणि नुक्ता (खालचा ठिपका) असे सुटे आले तर त्यांचा ऱ होतो. हिंदी पुस्तकांच्या ड़ आणि ढ़चे मात्र उलट: एनएफसी त्यांचे एकसंध कोड मोडून अक्षर आणि नुक्ता असे दोन करते. प्रमाणातच तसे ठरलेले आहे. एकसारखेपणा हवा, तो मिळतो.

२ जुलै

ॲ. याचे चार वेष सापडले: एकसंध ॲ म्हणजे ०९७२, अ आणि त्यावर सुटा चंद्र, त्या दोघांत न दिसणारा जोडक, आणि ऍ. वकील लेखकांच्या नावाआधीचे ‘ॲड.’ चार गटांत विभागले गेले होते. एकसंध अक्षर युनिकोडमध्ये ५.१ आवृत्तीत, २००८ साली आले, त्याआधी लोकांकडे दुसरा इलाज नव्हता. एनएफसी यांना एक करत नाही, नियम आपणच लिहावा लागतो. सगळ्यांचा ०९७२ केला.

९ जुलै

शोधासाठी वेगळा रकाना. दिसणारे शीर्षक पुस्तकावर छापले आहे तसेच राहते, शोध या दुसऱ्या रकान्यात चालतो आणि वाचकाने टंकलेला शब्दही त्याच नियमांनी बदलून मग जुळवतात.

मराठीत याची गरज फार आहे. साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्याआधीच्या पुस्तकांवर ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘मराठ्यांचीं’ छापलेले आहे. आजचा वाचक ‘काही’ शोधतो. म्हणून शोधाच्या रकान्यात अनुस्वार वगळले, ऱ्य आणि र्य एक केले, ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकार एक केले, नुक्ता आणि न दिसणारे जोडक काढले, देवनागरी आकडे आणि इंग्रजी आकडे एकच केले. याने ‘मंद’ शोधताना ‘मद’ही येतो. वाचनालयात पुस्तक न सापडण्यापेक्षा दोन जास्त दिसलेली बरी. अचूक जुळणारे आधी, सैल जुळणारे खाली, एवढे केले की कोणाची तक्रार नाही.

शब्द तोडताना पायथनचे नेहमीचे ‘शब्दातले अक्षर’ हे नमुनाचिन्ह वापरू नका. ते मात्रांना अक्षर मानत नाही. ‘मराठी’चे ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे पडतात. ‘रेजेक्स’ नावाचे वेगळे मॉड्यूल मात्रा धरते, ते बसवले.

१५ जुलै

क्रम. बाइटच्या क्रमाने ळ हा ल आणि वच्या मध्ये येतो आणि क्ष कच्या पोटात. मराठी सूचीत ह, ळ, क्ष, ज्ञ असे शेवटी हवेत. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आयसीयू या भाषा-नियमांच्या संचाचे मराठी कोलेशन (क्रम लावण्याचे नियम) बनवून शीर्षक आणि लेखक या रकान्यांना लावले, क्रम बसला. सर्व्हरवर आयसीयूची आवृत्ती बदलली तर इंडेक्स (डेटाबेसने आधीच लावून ठेवलेले क्रम) नव्याने बांधायचे. हे देखभालीच्या कागदावर लिहून चिकटवले आहे.

२३ जुलै

मोडी. संस्थेकडे होळकरकालीन मोडी कागदांची वेगळी यादी आहे आणि त्यांचे मथळे मोडीतही द्यायचे ठरले. मोडी युनिकोडमध्ये ७.० आवृत्तीत, २०१४ साली आली, ११६०० या कोडपासून. देवनागरीचे अक्षर यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत) ३ बाइट घेते, मोडीचे ४. वाचनालयाची वेबसाइट ज्या मायएसक्यूएल डेटाबेसवर आहे तिथे तक्ते ‘यूटीएफ८’ नावाने होते आणि ते ३ बाइटांपलीकडे घेत नाही. सर्व्हर सैल पद्धतीवर असेल तर चूक न दाखवता पहिल्या मोडी अक्षरापासून पुढचा सगळा मजकूर कापून साठवतो. मराठी वर्षानुवर्षे नीट चालते म्हणून हे कोणाच्या लक्षात येत नाही. तक्ते आणि जोडणी दोन्ही ‘यूटीएफ८एमबी४’ केली. नुसते तक्ते बदलून भागत नाही.

जावास्क्रिप्ट या वेबपानांच्या भाषेत मोडीचे एक अक्षर लांबी दोन दाखवते. मथळा ठरावीक लांबीवर कापला तर अर्धे अक्षर उरते. देवनागरीतही आंधळेपणाने कापले तर शेवटी लोंबता हलन्त राहतो. कापणे आकारमानाने, सीएसएसवर (पानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेवर) सोपवले. दिसण्यासाठी नोटो सान्स मोडी हा फाँट.

१ ऑगस्ट

पडद्यावरची वाक्ये. इंग्रजी प्रणालीतली वाक्ये तुकडे जोडून बनतात: नाव, मग ‘ला’, मग ‘पुस्तक दिले’. मराठीत ‘शाळा’ला ‘ला’ लावला की ‘शाळेला’ होते, ‘शाळा ला’ नाही. ‘ग्रंथ परत केला’, ‘पोथी परत केली’, ‘पुस्तक परत केले’. नावाचे सामान्यरूप आणि लिंग संगणकाला माहीत नाही आणि सभासदाच्या नावाची मोडतोड झालेली कोणाला आवडत नाही. म्हणून रिकाम्या जागेत नाव येईल अशी सगळी वाक्ये मोडून ‘सभासद: अमुक’, ‘परतीची तारीख: अमुक’ अशी केली. वाचायला स्वच्छ आहेत.

दाखल क्रमांकाच्या खान्यात ज्येष्ठ सभासद ‘१२३’ असे देवनागरीत टंकतात. पायथन ते समजून घेतो, जावास्क्रिप्ट घेत नाही. खाना ‘आकडा’ प्रकारचा न ठेवता मजकुराचा ठेवला, मोबाइलवर आकड्यांचा कळफलक उघडेल एवढी सूचना दिली आणि बदल सर्व्हरवर केला.

पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श, ही मराठी वळणाची अक्षरे. हिंदी वळणाशी कोड तोच, आकार फाँट ठरवतो. नोटो सान्स देवनागरीत मराठी आकार आहेत, पण पानाची भाषा एचटीएमएलमध्ये ‘एमआर’ (मराठी) लिहिली तरच ते उमटतात. ‘एचआय’ (हिंदी) असेल तर दंडयुक्त ल. मिश्र यादीत प्रत्येक नोंदीला तिच्या भाषेची खूण दिली, हिंदी शीर्षक हिंदीसारखे दिसले पाहिजे.

१६ ऑगस्ट

लेबले. जेल रोडवरून थर्मल लेबल प्रिंटर घेतला, नऊ हजारांच्या आसपास. त्याच्या आतल्या फाँटमध्ये देवनागरी नाही. लेबल चित्र म्हणून पाठवावे लागते: इंचाला २०३ ठिपके, म्हणजे मिलिमीटरला ८, ५० बाय २५ मिमीचे लेबल ४०० बाय २०० ठिपक्यांचे. चित्र पायथनच्या पिलो या चित्रे काढणाऱ्या मॉड्यूलने काढले. त्यात राकम (जोडाक्षरांची मांडणी करणारा भाग) नसेल तर वेलांटी व्यंजनानंतर पडते आणि जोडाक्षरे जुळत नाहीत. राकम आहे का हे पिलोला विचारता येते, ते पाहूनच छपाई सुरू करा. पहिला रोल यातच गेला. २० ठिपक्यांपेक्षा लहान अक्षरात अनुस्वार आणि रफार एकमेकांत मिसळतात.

५ सप्टेंबर

एसएमएस. इंग्रजी संदेशात १६० अक्षरे बसतात, मराठीत ७०, आणि संदेश लांबला तर प्रत्येक तुकड्यात ६७. मात्रा आणि हलन्तही त्यात मोजले जातात: ‘पुस्तक’ डोळ्यांना तीन अक्षरे, मोजणीत सहा. परतीच्या आठवणीचा मजकूर ७० मध्ये बसेपर्यंत छाटला, नाहीतर दर संदेशाला दुप्पट पैसे. डीएलटीवर (संस्थांच्या संदेशांचे साचे आधी नोंदवण्याच्या दूरसंचार यंत्रणेवर) साचा नोंदवताना न दिसणारा जोडक मजकुरात राहू देऊ नका. प्रत्यक्ष संदेशात तो नसेल तर साचा जुळत नाही आणि संदेश अडतो.

२० सप्टेंबर

तपासणी निवृत्त मराठी शिक्षिकांकडून, दर नोंदीला दीड रुपया, एकूण सत्तावीस हजारांच्या घरात. या कामातला हा सगळ्यात मोठा खर्च आणि सगळ्यात योग्य. चाळणीने अडवलेल्या नोंदी आधी दिल्या, मग उरलेल्या. हिंदी टंकलेखकांनी ळच्या जागी ल लिहिलेली शीर्षके फक्त त्यांच्याच नजरेला दिसली: ‘बाल’ आहे की ‘बाळ’, हे पुस्तक माहीत असलेल्यालाच कळते.

त्यांना याद्या सीएसव्हीतून दिल्या, आता मजकूर युनिकोडचा असल्याने स्वल्पविरामाची भीती नाही. पण एक्सेलमध्ये थेट उघडल्यावर कचरा दिसला. फायलीच्या सुरुवातीला ईएफ, बीबी, बीएफ हे तीन बाइट लावले की एक्सेल तिला यूटीएफ-८ म्हणून ओळखतो. परत वाचताना ते तीन बाइट काढायचे, नाहीतर पहिल्या रकान्याचे नाव जुळत नाही.